लॅमिनेशनचं मशीन परत केलं, काकू

ती. स्व. काकूंस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, आता चहा टाक" म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. इथे चहाची सबब चालणार नाही.

बाकीच्यांसाठी आधी थोडं. आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो. शेजारचे अमेरिकन आजोबा पोरवयात इथल्या एका ड्रम अँड बिगुल कोअरमध्ये होते. गणपतीतल्या पथकाला फुटबॉलच्या मैदानावर उतरवा, ताशांच्या जोडीला पितळी बिगुलांच्या रांगा द्या आणि सगळ्यांना लष्करी कवायत शिकवा, म्हणजे साधारण अंदाज येईल. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी १९१९ साली अमेरिकन लीजन ही संघटना काढली आणि तिच्या गावोगावच्या शाखांनी अशी पथकं उभी केली. नंतर मुलांची पथकं आली, काही शाखांची, काही चर्चची. आजोबा अशाच एका पथकातले. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने तीन खोकी आणि एक बिगुल माझ्या हवाली केला. कारण एवढंच की त्यांच्या पायरीवर बसून बिगुलाच्या गप्पा ऐकणारा मी एकटाच होतो.

खोक्यांत काय नव्हतं! अमेरिकन बँडमास्टर जॉन फिलिप सूझाचं १८८६ सालचं बिगुल आणि ड्रम शिकवणारं पुस्तक, साफ्रानेक नावाच्या लेखकाचं त्याच विषयावरचं १९१६ सालचं जाडजूड मॅन्युअल, आणि खाली हाताने लिहिलेल्या, जांभळ्या शाईत छापलेल्या सुट्या कागदांचा ढीग. पुस्तकाच्या पानाला हात लावला की कोपरा बिस्किटासारखा तुटायचा. मी मोठ्या उत्साहाने लॅमिनेशनचं मशीन मागवलं आणि तोवर फाटक्या पानांना चिकटपट्टी लावायला बसलो.

हे मी तुम्हाला मंडळाच्या महाप्रसादाच्या रांगेत, हातात मसालेभात घेऊन, अभिमानाने सांगितलं. तुमचा चेहरा मला अजून आठवतो. आयुष्यभर जुने कागद दुरुस्त केलेली बाई मसालेभात खाली ठेवून म्हणाली, "किती पानांना लावलीस?" चार, मी म्हटलं. "मग चारच मेली. मशीन परत कर."

दुसऱ्या रविवारी तुम्ही आमच्या तळघरात हजर. त्यानंतरचे अकरा रविवार.

मला वाटलं होतं, सगळ्यात जुनं पुस्तक आधी हातात घ्याल. तुम्ही सूझाला बाजूला ठेवलंत. छापील पुस्तक आहे, दुसरीकडेही प्रती असणार, तो थांबेल, म्हणालात. आधी जांभळे कागद. हे स्पिरिट डुप्लिकेटरवर काढलेले, आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलची ही स्पिरिटवर चालणारी चुलत बहीण. त्यातला रंग अ‍ॅनिलिनचा, उजेडात ठेवला की उडत जातो. काही कागदांवर पाचपैकी दोन ओळी आधीच गेल्या होत्या. स्कॅन करताना मी जागा वाचवायला काळा-पांढरा मोड लावला, तर तुम्ही न बोलता बटण रंगीतवर फिरवलंत. मग दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून दाखवलेत. काळ्या-पांढऱ्यात फिका जांभळा आणि पेन्सिल दोन्ही गायब.

गंजलेल्या स्टेपलरच्या टाचण्या तुम्ही बोथट पात्याने एकेक पाय सरळ करून काढल्यात. एका टाचणीला मला अर्धा तास लागला. कोरी पानंही स्कॅन करायची, मुखपृष्ठाच्या आतली बाजूसुद्धा, आणि कुठला कागद कुठल्या पुस्तकात सापडला ते लिहायचं. "आवरू नकोस," हे तुमचं वाक्य माझ्या बायकोला अजिबात आवडलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते. साफ्रानेकच्या पुस्तकात समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. मी त्या खोडरबराने साफ करणार होतो, तुम्ही माझा हात धरलात. "छापलेलं सगळ्यांचं असतं. हे एकट्याचं आहे. हे काय लिहिलंय ते तू मला सांग, मला गाण्यातलं कळत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट बघावं लागलं. साध्या बिगुलाला ना भोकं, ना कळा. ओठांच्या जोरावर सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प, एवढीच सोयीची मिळकत. रे नाही, म नाही, ध नाही. अमेरिकन सैन्यात अंत्यविधीला वाजतो तो 'टॅप्स', १८६२ साली व्हर्जिनियातल्या छावणीत घडलेला, त्याचे चोवीस स्वर यातल्या चारांतच बसतात. पण पथकांना पूर्ण गाणी वाजवायची होती. मग बिगुलाला एक आडवा पिस्टन लागला, तो दाबला की रे आणि नी मिळू लागले. मधली नळी बाहेर ओढून एक स्वर उतरवला की म आणि ध. पुढे त्या नळीच्या जागी फिरता व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची वाट बदलणारी झडप, बसला. समासातल्या खुणा होत्या त्या याच: कुठे दाबायचं, कुठे ओढायचं, आणि ओढायला वेळ पुरत नसेल तर कुठला स्वर शेजाऱ्याला देऊन टाकायचा. ही शेवटची युक्ती मला कुठल्याच छापील पुस्तकात दिसलेली नाही.

या खुणांवरून आपण तारखा नसलेले जांभळे कागदही लावले. एका पिस्टनचे आधीचे, दोन उभ्या व्हॉल्व्हचे १९७७ नंतरचे, कारण तोवर पथकांच्या स्पर्धेत त्यांना परवानगीच नव्हती. तीन व्हॉल्व्ह १९९० साली आले आणि २००० पासून बिगुल जी पट्टीचाच हवा ही अटही गेली. म्हणजे बिगुलच गेला म्हणा ना. आजोबांना तो विषय काढलेला चालायचा नाही.

ड्रमच्या पानांवर मात्र तुम्ही खूश झालात. लांब रोलला तिथे 'डॅडी-मॅमी' म्हणतात, दोन ठोके उजव्या हाताचे, दोन डाव्या. "म्हणजे बोलच की," तुम्ही म्हणालात, आणि टेबलावर बोटांनी ताशाची तर्री काढायचा प्रयत्न केलात. जमली नाही.

सगळं लगेच इंटरनेटवर टाकायला निघालो होतो, तेव्हाही तुम्हीच आवरलंत. प्रकाशनाला ९५ वर्षं उलटलेली पुस्तकं खुशाल टाक, पण जांभळ्या कागदांवर चालू गाण्यांच्या रचना आहेत, त्यांचे मालक असतील. जपून ठेवायचं आणि वाटायचं, ही दोन वेगळी कामं. एका संग्रहालयाने "बँडचं सामान ठेवायला जागा नाही" असं कळवलं, तेव्हा मी चिडलो होतो. तुम्ही फक्त आम्लमुक्त कागदाची नवी खोकी मागवलीत. पैसे अजून घेतलेले नाहीत. पुन्हा विचारतोय.

शेवटच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "तुला या बिगुलाचं एवढं वेड का?" मी सांगितलं, माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत बिगुलवाले होते. त्या पलटणीच्या चिन्हातच बिगुल आहे. बेळगावला शिकले, सगळं कानाने. घरी त्यांचा कागद एकही नाही, बिगुल पलटणीचा, तो पलटणीतच राहिला.

"वाजवायचे ते आठवतं?"

सुट्टीत अंगणात ते आम्हाला तोंडाने सकाळचा बिगुल म्हणून उठवायचे, तेवढं आठवत होतं. तुम्ही फोन पुढे केलात. मी गुणगुणलो, दोनदा चुकलो. तुम्ही चिठ्ठीवर तारीख, माझं नाव, कोणाकडून ऐकलं, आणि खाली 'आठवणीतून' असं लिहिलंत. मी ती चिठ्ठी तिसऱ्या खोक्यात ठेवू लागलो तर म्हणालात, "त्यात नाही. ते त्यांचं आहे." आणि एक रिकामं खोकं माझ्यासमोर ठेवलंत.

काकू, परवा साताऱ्याहून आत्याचा फोन आला. ट्रंकेच्या तळाशी आजोबांचा गणवेशातला एक फोटो सापडलाय, मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, पण मधोमध फाटलाय. तिला आधी ओरडून सांगितलं, चिकटपट्टी लावू नकोस.

येत्या रविवारी याल ना? चहा मीच टाकतो.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
तळघरातला विद्यार्थी