कादंबरीला पण तारीख द्या की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत नवीन लिहिणाऱ्यांना सल्ला देणारा लेख आला होता, त्यातलं एका वेळी एकच लिखाण हातात घ्या, एक ना धड भाराभर चिंध्या करू नका, हे वाक्य माझ्या बायकोने मला वाचून दाखवलं, आणि चहा देताना परत एकदा दाखवलं. म्हणून हे पत्र.

मी निफाड तालुक्यातला, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. सहा वर्षं झाली एक कादंबरी लिहितोय. द्राक्षाचा व्यापारी येतो, दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, विश्वास बसला की पुढचा सगळा माल उधारीवर उचलतो आणि एक दिवस फोन बंद. आमच्याकडे हे कुठल्या ना कुठल्या गावात होतच असतं, त्यावर आहे. एप्रिलच्या खरड छाटणीला सुरू होते, मग ऑक्टोबरची छाटणी, मग डिसेंबरची थंडी, पारा खाली गेला की मणी तडकतात म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात तो सीन, असं करत करत शेवटची गाडी भरेपर्यंत. २१४ पानं झालीत. संपलेली नाही.

आता बाकीचं काय काय चालू आहे ते पण सांगून टाकतो. दिवाळी अंकाची एक कथा जुलैअखेर द्यायचीय. भाचीच्या कॉलेजला पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी एकांकिका पाहिजे, ती पोरं रात्री साडेअकराला फोन करतात की मामा दुसरा प्रवेश पाच मिनिटं लांबतोय, काहीतरी काढा. एका ऑडिओ ॲपसाठी सिरीज लिहितो, पंधरा मिनिटांचा एक भाग, आठवड्याला दोन. आणि गावातल्या एका रिटायर्ड गुरुजींची पंचाहत्तरी आहे तर त्यांचं आत्मचरित्र मी लिहितोय, म्हणजे ते बोलतात, मी व्हॉइस टायपिंग लावतो, आणि मग रात्री बसून ळ आणि ल नीट करतो. गुरुजी १९७२ च्या दुष्काळावर आलेत आणि तिथून गेले तीन आठवडे हलेनात. खडी फोडायला गेलेल्या बायकांचं काय सांगतात म्हणून सांगू, माझ्या कादंबरीतली आजी त्यातूनच उभी राहिली, पण तो विषय वेगळा.

तर तुमच्या त्या सल्ल्याच्या लेखाचं म्हणणं असं की हे चंचलपणाचं लक्षण आहे. मला नाही पटत. ह्या चारही कामांत एक गोष्ट कॉमन आहे, कुणीतरी वाट बघतंय. अंकाचा संपादक मेसेज टाकतो, पोरांची तालीम अडलेली असते, ॲपवाले भाग लेट झाला की पैसे कापतात, गुरुजी तर डायरेक्ट पतसंस्थेत येऊन काउंटरसमोर बसतात. कादंबरीची वाट कोण बघतंय? कुणी नाही. तिला तारीखच नाही, मग ती रोज रात्री मागे पडते आणि साडेबारा वाजता मी फाईल उघडतो, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करतो आणि झोपतो.

पैशाचं पण आहेच. ॲपवाले भागाला ८०० रुपये देतात, वेळेवर देतात. दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात कथा आली, मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळाली आणि ती पण मी स्वतः नाशिकला जाऊन आणली. पहिला दिवाळी अंक का. र. मित्र यांनी त्यांच्या मनोरंजन मासिकाचा काढला १९०९ साली, एवढी जुनी परंपरा आपली, सगळ्यांना तिचा अभिमान. असो.

एक मात्र कबूल करतो, सरमिसळ होते आणि ती वाईट होते. ऑडिओच्या प्रत्येक भागाच्या शेवटी हुक लागतो, कुणीतरी दार वाजवायचं, फोन वाजायचा, नाहीतर ऐकणारा पुढचा भाग लावत नाही. मध्यंतरी कादंबरीची सलग पानं वाचायला घेतली तर लागोपाठ सात प्रकरणं फोन वाजून संपलेली. एका प्रकरणात तर बाग विकायला निघालेला म्हातारा आहे, त्याच्याकडे मोबाईलच नाही, तरी वाजला. सातही शेवट काढून टाकले. पण त्याच ऑडिओने मला हे शिकवलं की निसर्गवर्णनाच्या दोन पानांत ऐकणारा झोपतो, आणि एकांकिकेने शिकवलं की जे पात्र बोलून दाखवतंय ते त्याने करून दाखवलं तर तीन वाक्यं कमी लागतात. एकच कादंबरी धरून बसलो असतो तर अजून सूर्योदयाचंच वर्णन करत असतो.

आणि एका वेळी एकच काम करणारे मोठे लेखक कोण हो होते? ह. ना. आपटे १८९० पासून करमणूक हे साप्ताहिक चालवत होते, दर आठवड्याला अंक काढायचा, त्यात स्वतःच्या कादंबरीचा हप्ता द्यायचा, शिवाय पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचं काम, नंतर पुण्याच्या नगरपालिकेचं अध्यक्षपद. ‘पण लक्षात कोण घेतो’ अशीच हप्त्याहप्त्याने छापून आली. त्यांच्या पण काही कादंबऱ्या अर्धवट राहिल्या, ते मी लपवत नाही, पण ज्या पूर्ण झाल्या त्या अंक काढायचाच आहे म्हणून पण झाल्या असणार असं मला आपलं वाटतं. छापखाना कुणाच्या मूडसाठी थांबत नसतो.

म्हणून माझी मागणी आहे, सल्ला नको, जागा द्या. पुरवणीत राशिभविष्याला अर्धं पान आहे, सेलिब्रिटीच्या फ्रीजमध्ये काय असतं त्याला पाव पान आहे. दर रविवारी १२०० शब्द क्रमशः कादंबरीला द्या, नवीन माणसाच्या. बावन्न रविवार धरले तर साठ हजारांच्या वर शब्द होतात, म्हणजे एक कादंबरी झाली की. आधी दहा भाग लिहून घ्या म्हणजे मधेच पळून जाईल ही भीती नको, आणि मानधन ॲपवाल्यांइतकं तरी द्या. वाचकांना नाही आवडली तर पत्रं येतील, ती पण छापा. आमच्या पतसंस्थेत सकाळी तुमचा पेपर सात जण वाचतात, पुढच्या रविवारी व्यापारी सापडला का असं त्यातल्या एकाने जरी मला काउंटरवर विचारलं ना, तर मी ती रात्र जागून पुढचा भाग लिहीन, गुरुजींना दुष्काळातच थांबवून.

माझीच घ्या असं म्हणत नाही. पण घेणार असाल तर दहा भाग तयार आहेत, आणि त्यातल्या एकाच्याही शेवटी फोन वाजत नाही.

आपला,
एक वाचक, निफाड तालुका