वॉर्डातल्या सिस्टरना, ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून)

सिस्टर, नमस्कार.

ट्रॉली ओटीच्या दारात आली की मॉनिटर लावायच्या आधीच कळतं, रात्रपाळी तुमची होती. पेशंटचे हात गार नसतात, शीर पहिल्या टोचणीत मिळते. भीतीने शिरा आकसतात, नाडी 100 च्या वर जाते, बीपी चढतं, भुलीचं औषध जास्त लागतं. कधी बीपीपायी केस पुढेही ढकलावी लागते. यातलं बरंच तुम्ही आदल्या रात्रीच निस्तरलेलं असतं. त्याबद्दल आम्हा भूलतज्ज्ञांकडून हे आभार.

सगळ्यात मोलाचा तुमचा एक प्रश्न. "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" असं दरडावलं की पेशंट नुसती मान हलवतो. तुम्ही विचारता, "आजी, शेवटचं काय प्यायलात, किती वाजता?" मग पहाटेचा अर्धा कप चहा आपसूक बाहेर येतो. साध्या पाण्याला 2 तास चालतात, दुधाच्या चहाला 6 लागतात. भूल देताना पोटातलं फुप्फुसात गेलं तर काय होतं, ते आपण जाणतो. ओरडा बसेल म्हणून लपवलेला चहा त्याहून भीतिदायक. नंबर लांबला की "पाणी देऊ का?" असा तुमचा फोनही येतो. घसा कोरडा पडलेल्या माणसाला नुसता धीर देऊन काय उपयोग?

"घाबरू नका" हे मात्र तुमच्या तोंडी कधी येत नाही. ते ऐकून कुणाची भीती जात नाही, फक्त बोलणं बंद होतं. तुम्ही स्टूल ओढून बसता, "कशाची जास्त काळजी वाटते?" विचारता आणि गप्प राहता. मग निघतं: मधेच जाग आली तर? जागच आली नाही तर? बाहेर बसलेला मुलगा जेवला का? ते तुम्ही कागदावर लिहिता, तो कागद केसपेपरला टाचून येतो, आणि आम्हाला बोलायला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

पाठीतल्या भुलीचंही तुम्ही खरं तेच सांगता. पाठीला गार औषध लागेल, मग टोचेल, पाय गरम आणि जड होतील. हात लावलेला कळेल, पण दुखणार नाही. हे शेवटचं राहून गेलं की पहिल्या स्पर्शालाच आरोळी येते, "मला कळतंय!"

1963 साली एगबर्ट या भूलतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की पेंटोबार्बिटाल या गुंगीच्या औषधाने पेशंट पेंगतात, शांत होतीलच असं नाही; आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटून गेला तर पेंगत नाहीत, पण शांत असतात. आमच्यातले किती जण संध्याकाळी वॉर्डात फिरकतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

एक विनंती. उद्या तिसऱ्या नंबरच्या आजोबांचं श्रवणयंत्र वॉर्डात काढू नका. बोलणं संपलं की आम्हीच काढून डबीत ठेवू.

आपले,
भूलशास्त्र विभागातले सहकारी