मलेशियातली धर्माची चढाओढ

मलेशियात ‘अम्नो’ (मलय राष्ट्रवादी पक्ष) आणि ‘पास’ (इस्लामी पक्ष) हे दोन्ही पक्ष मलय मुस्लिमांच्याच मतांवर जगतात, त्यामुळे भांडण ‘खरा मुस्लिम कोण’ इथवर येते. १९८१ मध्ये ‘पास’चे नेते हादी अवांग यांनी अम्नोविरुद्धच्या लढ्याला जिहाद ठरवले, पुढे काही गावांत दोन्ही गटांच्या नमाजाही वेगळ्या झाल्या. १९९३ मध्ये ‘पास’ने केलांतान राज्यात हुदूद कायदा, म्हणजे चोरी, व्यभिचार अशा गुन्ह्यांना इस्लामी शिक्षा देणारा कायदा, मंजूर केला. फौजदारी कायदा केंद्राच्या हाती, म्हणून तो कागदावरच राहिला. ‘पास’वर कडी करायला २००१ मध्ये अम्नोचे तत्कालीन पंतप्रधान महाथीर यांनी मलेशिया आधीपासूनच इस्लामी राष्ट्र असल्याचे जाहीर केले! यात अम्नोने काय कमावले? २०२२ मध्ये संसदेत सर्वांत मोठा पक्ष ठरला तो ‘पास’च. केलांतानात १९९० पासून त्याचीच सत्ता आहे. तिथल्या नळांना गढूळ पाणी येते, ते वेगळेच.

– एक वाचक, पुणे