जन्मतारीख एक जून

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळू,
स. न. वि. वि.

सात महिन्यांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. दिवाळीच्या फराळाचा तुझा डबा अजून आमच्याकडंच आहे, त्यात आता ही मेतकूट ठेवते. तेव्हा शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे, मग पुढं वाच. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे मला ओरडून सांगता येणार नाही. भिंतीपलीकडं ही झोपलीय.

प्रकृती ठीक. शुगर आहे तिथंच आहे. गुडघ्याचं विचारू नकोस.

सोन्या मिलिटरीत चाललाय. आपल्या नव्हे, अमेरिकेच्या.

म्हणजे अजून गेला नाही, फॉर्म भरायलाय. मंगळवारी सकाळी मी दूध तापवत होतो. व्हॉट्सॅपवर मेसेज आला : बाबा, तुमचं आणि आईचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, राज्य पाठवा, आईला बँकेचं काम आहे म्हणून सांगा. मी पस्तीस वर्षं पोरांच्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या वाचलेला माणूस. कारणाच्या आधी निमित्त आलं की मला वास येतो. फोन लावला, तेव्हा बाहेर पडलं. त्याच्याकडं ग्रीन कार्ड आहे, तेवढ्यावर तिथं भरती होता येतं. पण चौकशीसाठी परदेशातल्या आईबापांची सगळी कुंडली द्यावी लागते. दूध उतू गेलं ते गेलंच.

आता तू हसणार. माझी जन्मतारीख काय? १ जून १९६४. तुझी काय? १ जून १९६४. आपल्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच. मास्तरांनी शाळा उघडायच्या हिशेबानं टाकून दिली. आई सांगायची, मी झालो तेव्हा थंडी होती आणि शेतात तंबाखू कापणीला आली होती. म्हणजे जानेवारी नाहीतर फेब्रुवारी. निपाणीच्या मास्तरांची थाप आता मी अमेरिकेच्या सरकारला लिहून देणार. आणि राज्य काय लिहू? आपण जन्मलो तेव्हा हे म्हैसूर राज्य. दादा झाला तो नोव्हेंबर ५६ च्या आधी, तो मुंबई राज्यातला. एकच खोली, एकच सुईण, आणि सख्खे भाऊ दोन राज्यांतले. सोन्याला हे सांगितलं तर म्हणतो, "बाबा, यादीत म्हैसूर नाहीये, कर्नाटक टाकतो." टाक म्हटलं. दादानं ऐकलं असतं तर तिथंच मोर्चा काढला असता.

हे सगळं तुलाच का लिहितोय ते तुला कळलं असेल. तुझा भरतीचा अर्ज मी भरला होता.

८४ साल. निपाणीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात, दोन कप चहावर. माझं अक्षर बरं म्हणून. मग दोघं मिळून बेळगावला कॅम्पात आलो, पहाटे चारपासून लायनीत. पळण्यात मी तुझ्या पुढं होतो हे तू आजही कबूल करत नाहीस. आणि छाती मोजताना मी मुद्दाम श्वास सोडला असं तू चाळीस वर्षं गावभर सांगत फिरतोस. त्यावर आज मी वाद घालणार नाही. पण तुझ्या आईनं, मावशींनी, मला त्यानंतर तीन वर्षं चहा विचारला नाही, हे तुला माहीत आहे का? तू शांतिसेनेतून लंकेत गेलास तेव्हा पोष्टमन गल्लीत शिरला की त्या पोष्टमनकडं बघायच्या नाहीत, माझ्याकडं बघायच्या. "महिनाभराचं काम आहे, गणपतीला नाही पण दिवाळीला येतो," असं तू लिहिलं होतंस. ८७ ची दिवाळी गेली, ८८ ची गेली. शेवटचे जवान तिथून निघाले ते ९० च्या मार्चमध्ये. आलास आणि काहीच बोलला नाहीस. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, अर्ज भरणाऱ्यानं विचारू नये.

गेल्या वर्षी सोन्यानं आम्हाला व्हिडिओवर त्याचं गाव फिरवून दाखवलं होतं. सॅन अँटोनियो. तिथं एक जुनं हॉटेल आहे, मेंगर नावाचं. त्याच्या बारमध्ये कॅमेरा फिरवत म्हणाला, "बाबा, तुमच्या विषयातलं. थिओडोर रूझवेल्टनं इथं घोडेस्वारांची पलटण जमवली, १८९८ ला." मी म्हटलं, छान. ही म्हणाली, बारमध्ये कशाला गेलास? विषय संपला. मंगळवारपासून मात्र मी दुसरं काही वाचलेलं नाही. तू म्हणशील, पोरगा चाललाय आणि हा पुस्तकं उघडून बसलाय. अरे, मला दुसरं येतंय काय?

ती लढाई कसली, तर अमेरिका विरुद्ध स्पेन, एप्रिल ते ऑगस्ट, चार महिन्यांचा कारभार. क्यूबावर स्पेनचं राज्य. हवानाच्या बंदरात १५ फेब्रुवारीला अमेरिकेचं 'मेन' जहाज स्फोटात बुडालं, अडीचशेवर माणसं गेली. त्यात जपानी आचारी आणि वाढपीही होते, हे मी ३५ वर्षं शिकवताना एकदाही सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. अमेरिकेची खडी फौज अवघी २८ हजार. अध्यक्ष मॅकिन्लेनं सव्वा लाख स्वयंसेवक मागितले, महिन्याभरात आणखी ७५ हजार. कायदाच असा केला की नागरिक तर चालतीलच, पण 'मला नागरिक व्हायचंय' असा पहिला कागद ज्यानं दिलाय तो परदेशात जन्मलेलाही चालेल, वय १८ ते ४५. म्हणजे बोटीतून उतरून कागद टाकलेला आयरिश, जर्मन, स्वीडिश, सगळे लायनीत. आपल्यासारखेच, पहाटे.

बाळू, क्यूबाची माणसं तर आपल्या निपाणीचीच वाटली मला. फ्लोरिडात टॅम्पा शहरात इबोर सिटी म्हणून त्यांची वस्ती. सगळा धंदा सिगार वळण्याचा. ओळीनं बसून पानं वळायची, आणि उंच चौथऱ्यावर बसून एकजण दिवसभर मोठ्यानं वाचायचा, सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. त्याचा पगार कामगार आपापसात वर्गणी काढून द्यायचे. स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी त्यांचा पुढारी होझे मार्ती यानं वर्गणी मागितली तर याच लोकांनी एकेका दिवसाची मजुरी दिली. उठावाचा हुकूम म्हणे एका सिगारच्या आत गुंडाळून क्यूबाला गेला. आपल्या आयांनी जन्मभर विड्या वळल्या, आणि वाचून दाखवायला कोण? तर मी, सातवीचं पुस्तक घेऊन, ते पण तुझ्या आईनं "मोठ्यानं वाच रे मेल्या, झोप येतीया" म्हटल्यावर. त्या सुपातल्या तंबाखूच्या वासानं मला अजून शिंक येते. ८१ ला हायवेवर शेतकरी बसले आणि गोळीबार झाला, त्या संध्याकाळी तू म्हणालास, "पोलीस नको अन्या, मिलिटरीच." मी ते ध्यानात ठेवलं म्हणून तर तीन वर्षांनी अर्ज भरला.

तर सांगत काय होतो. रूझवेल्टच्या त्या घोडेस्वारांची गंमत ऐक. टॅम्पाच्या बंदरात जहाजांत जागाच नाही, म्हणून साध्या स्वारांचे घोडे तिथंच ठेवून गेले. १ जुलैला सान हुआनच्या टेकड्यांवर ते चढले ते पायी. घोडदळ, बिनघोड्याचं! तू असतास तर म्हणाला असतास, आमच्याकडं असं झालं असतं तर क्वार्टर मास्टरला उलटा टांगला असता.

हसून झालं की पुढचं वाच. लढाईत मेले ते चारशेच्या आत. आजारानं मेले ते दोन हजारांवर. त्यातले कितीतरी क्यूबाला पोचलेच नाहीत, अमेरिकेतल्याच छावण्यांत विषमज्वरानं गेले. संडासाचे खड्डे, माशा, घाणेरडे हात. पुढं वॉल्टर रीड या लष्करी डॉक्टरच्या समितीनं ते शोधून काढलं. न्यूयॉर्कची एकोणसत्तरावी पलटण, सगळे आयरिश, बँड वाजवत निघाले आणि लढाई संपेपर्यंत दक्षिणेतल्या छावण्यांतच फिरत राहिले. घरच्यांना काय लिहीत असतील रे ते?

आणि मनीला. फिलिपिन्समधलं शहर, तिथंही स्पेनचंच राज्य. १२ ऑगस्टला तह ठरला. पण समुद्रातली तार तोडलेली, त्यामुळं तिकडं १३ तारखेला लढून शहर घेतलं. बरं, घेतलं तर घरी या. पण स्पेननं २ कोटी डॉलरला फिलिपिन्स देऊन टाकलं, तिथल्या माणसांना विचारलं कुणी? फेब्रुवारी ९९ ला त्यांच्याशीच जुंपली. क्यूबाला सोडवायला म्हणून मिनेसोटा, नेब्रास्कातून नाव नोंदवलेली पोरं दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच माणसांवर गोळ्या झाडत बसली. अमेरिकेचा लंडनमधला राजदूत जॉन हे रूझवेल्टला लिहितो, "झकास छोटीशी लढाई." जुलैत लिहिलंय, म्हणून क्षमा. हे वाचलं आणि पुस्तक मिटून तुझ्या दिवाळीची आठवण काढत बसलो.

एक गोष्ट मात्र घशाखाली जात नाही. मनीलाच्या त्या मोहिमेत अमेरिकेच्या आरमाराचा प्रमुख ड्यूई, त्याच्या जहाजांवर बरेच चिनी होते, आचारी, वाढपी, खलाशी. ते शूरपणे वागले म्हणून ड्यूईनं स्वतः शिफारस केली, यांना अमेरिकेत येऊ द्या. कायदा आडवा आला. चिन्यांना बंदी म्हणजे बंदी. जहाज तुमचं, तोफ तुमची, मरण आमचं चालतं, पण गोदीत पाय ठेवायचा नाही.

हे मी सोन्याला सांगितलं. म्हणाला, "बाबा, ते सव्वाशे वर्षांपूर्वीचं." खरं आहे. आज तिथं फौजेत नोकरी केली की नागरिकत्व लवकर मिळतं. पण त्याला ते नकोच आहे; सूनबाई तिथंच जन्मलेली, त्याचं ते असंही होणार आहे. मग कशाला? म्हणाला, "राहतो तिथलं काही द्यायला नको का? नुसताच राहू?" कुणी काही बोललं का रे तुला, विचारलं. म्हणाला, नाही. जरा उशिरानं म्हणाला. तेवढ्या उशिरात मी काय ते समजलो. आपण दोघं सीमाभागात वाढलेली माणसं, मर्दा. तुम्ही कुठले, हा प्रश्न आपल्याला एसटीच्या कंडक्टरपासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. तू वर्दी घातलीस त्या दिवसापासून तुला कुणी विचारलं नाही. मला अजून विचारतात.

म्हणून त्याला नको म्हणायला माझी जीभ उचलत नाही. आणि जा म्हणायलाही उचलत नाही. हिला कळलं तर काय होईल याची मी कल्पना करतोय, तीही रोज रात्री. आज संध्याकाळी देवापुढं बसल्या बसल्या विचारलं, तुझं जन्मगाव खानापूर की नंदगड? म्हणाली, नंदगड, आणि बँकेला कशाला हवंय माझं जन्मगाव? मी उठून कपिलेश्वरला चक्कर मारून आलो.

तुझं बरं आहे ना? पल्लवीचं ठरलं असं दादाकडून कळलं, अभिनंदन. मुलगा काय करतो ते लिही, सैनिक टाकळीचा असेल तर विचारायलाच नको. विहिरीवरची मोटर बदललीस का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल. त्यांना नमस्कार.

आता काम. तुझा नंबर मी सोन्याला दिलाय. येत्या शनिवारी रात्री साडेआठला, तिथले सकाळचे दहा, तो तुला फोन करील. मशीन कानात घालून बस, खिशात नको. त्याला काय सांगायचं ते मी सांगणार नाही. चाळीस वर्षांत मला जे सांगितलं नाहीस ते त्याला सांगितलंस तरी माझी हरकत नाही, मला परत कळवू नकोस. आणि जा म्हणालास तर उरलेला फॉर्म मी वाचून बघीन, कुठं चूक असायला नको.

तुझा,
अन्या

ता. क. छातीचं तू म्हणतोस ते खरं आहे. सोन्याला एवढं सांगू नकोस.