सायकल कमी भरली म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातल्या सायकल सहलीवर आलेला अर्धा पानभर लेख काल वाचला. वाचल्या वाचल्या लिहिणार होते, पण रागाच्या भरात लिहिलेले पत्र दुसऱ्या दिवशी आपल्यालाच वाचवत नाही, म्हणून एक रात्र जाऊ दिली. राग आहे तसाच आहे.

लेखकाने भरतपूरच्या थंडीचे, धुक्याचे आणि झाडांमधून जाणाऱ्या त्या सरळसोट डांबरी रस्त्याचे वर्णन चांगले केले आहे, ते मान्य. बावीस जणांनी अडीच तासांत सगळे उद्यान 'पूर्ण' केले, त्याबद्दलही अभिनंदन. (उद्यान पूर्ण करतात म्हणजे नेमके काय करतात? गृहपाठ पूर्ण करतात, हप्ते पूर्ण करतात.) सरासरी वेग दिला आहे, मनगटावरच्या घड्याळाने मोजलेल्या कॅलरी दिल्या आहेत. पक्ष्यांच्या वाट्याला एक वाक्य आले आहे, त्यात ते 'विविधरंगी' आहेत. असोत. माझी तक्रार त्याबद्दल नाही. सगळा चमू एखाद्या कुटुंबासारखा एकत्र राहिला, कोणीही मागे पडले नाही, असे जे शेवटच्या परिच्छेदात म्हटले आहे, तिथे मी अडले. लेखकमहाशय स्वतः पुढे होते की मागे, एवढे कृपया त्यांना विचारून कळवा. पुढच्याला कोणीच मागे पडलेले दिसत नसते.

मी मागे पडलेली बाई आहे. त्याच उद्यानात, त्याच रस्त्यावर. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मीही अशाच एका गटाबरोबर गेले होते. आम्ही अठरा जण होतो. माझे वय तेव्हा एकसष्ट. सायकल मी शाळेत असल्यापासून चालवते, त्यामुळे 'वयाच्या मानाने' वगैरे कोणी म्हणू नये. गटाचे नाव देत नाही. त्यातल्या तिघी अजून भिशीत भेटतात.

आदल्या रात्री हॉटेलच्या गच्चीवर म्होरक्याने नियम सांगितले. सगळे नियम अगदी बरोबर होते, म्हणून तर जास्त चीड येते. सगळ्यांत पुढे म्होरक्या, त्याला ओलांडून कोणी जायचे नाही. सगळ्यांत शेवटी 'स्वीप', म्हणजे ज्याच्या मागे आपले एकही माणूस राहता कामा नये असा गडी. पंप, पाने आणि पंक्चरचे सामान त्याच्या पाठीवर. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागच्याची वाट बघायची. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची. आणि वेग ठेवायचा तो सगळ्यांत सावकाश चालवणाऱ्याचा. आम्ही माना डोलावल्या. एकाने तर वहीत लिहून घेतले.

सकाळी फाटकावर सायकली भाड्याने घेतल्या. ओळखपत्रे खिडकीत ठेवून घेतली गेली. सायकली जड, बिनगिअरच्या, सीट एक तर फार वर नाही तर फार खाली. त्या सगळ्या रांगेत गिअरवाली बरी सायकल एकच होती आणि ती स्वीपने पटकावली. गिअरची सायकल हाती आलेला पंचवीस वर्षांचा मुलगा सगळ्यांच्या मागे कसा राहणार? तरी शांतिकुटीरपर्यंत राहिला. तिथून पुढे मोटारींना मज्जाव आहे. रस्ता मोकळा दिसला आणि गडी सुटला.

माझ्या सायकलीची चेन सपन मोरीच्या फाट्याअलीकडे पडली. हाक मारली. घंटी वाजवली; त्या सायकलीचा तेवढा एकच भाग चोख होता. पुढच्या बाईंचे पिवळे जाकीट धुक्यात आधी फिकट झाले, मग दिसेनासे झाले. चेनवर जुन्या पद्धतीचे पूर्ण कव्हर, बोट जेमतेम पहिल्या पेरापर्यंत आत जाते. वाटेवरची एक काडी घेतली, ती मोडली. दुसरी घेतली. हातमोजे काढले तर बोटे गारठून बधिर, आणि पाच मिनिटांत वंगणाने कोपरापर्यंत काळी. पाच मिनिटे झाली, दहा झाली. फाट्यावर वाट बघणारे कोणी परत आले नाही, कारण फाट्यावर कोणी वाट बघतच नव्हते.

आले ते एक सरदारजी, सायकलरिक्षा घेऊन. तिथले रिक्षावाले वाटाड्याचेही काम करतात, हे आपल्या वाचकांना माहीत असेलच. लेखकाला त्यांच्याशी बोलायला अडीच तासांत सवड झालेली दिसत नाही. रिक्षात एक वयस्क जोडपे बसले होते, गुडघ्यांवर ब्लँकेट. सरदारजींनी माझ्याकडे बघितले, चेनकडे बघितले आणि म्हणाले, "बीबीजी, चेन बाद में. पहले ऊपर देखिए." वर बघितले. मी ज्या झाडाखाली दहा मिनिटे कुरकुरत बसले होते, त्याच्या बेचक्यात, माझ्या डोक्यावर फार तर आठ-नऊ फुटांवर एक घुबड बसले होते. सालीच्याच रंगाचे. एक डोळा मिटलेला, दुसऱ्याची फट माझ्यावर रोखलेली. माझी सगळी बडबड त्याने ऐकली असणार. आमचे सतरा जण त्याच झाडाखालून गेले होते.

चेन त्यांनी बसवली ती अर्ध्या मिनिटात. कव्हरच्या खालच्या फटीतून बोट घालून चेन दातांवर टेकवली आणि पेडल उलटे फिरवले. एवढेच होते. हे स्वीपच्या पाठीवरच्या सगळ्या सामानाला जमले असते की नाही, शंका आहे.

मग मी त्या रिक्षाच्या मागे मागे गेले. रिक्षेच्या वेगाने सायकल चालवायची म्हणजे जवळपास तोल सांभाळायचाच व्यायाम. पण पाण्याच्या कडेचे पक्षी आमच्याकडे ढुंकून बघत नव्हते. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही अठरा जण करकचून ब्रेक लावून एकदम उतरलो, तेव्हा सगळे तळे रिकामे झाले होते. आता बाभळींवर चित्रबलाक करकोच्यांची वसाहत होती, एकेका झाडावर दहा-बारा घरटी. आईबापांएवढी वाढलेली पिल्ले चोची वासून कर्कश ओरडत होती आणि आईबाप गप्प. त्यांना तसा आवाजच नसतो, फार तर चोच वाजवतात. खाली पाण्यात कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी आणि काठाशी हळदी-कुंकू बदकांची जोडी. काळ्या चोचीचे टोक पिवळे, मुळाशी दोन तांबडे ठिपके. हे नाव ज्याने ठेवले त्याने नुसते बघितले नव्हते, थांबून बघितले होते.

केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारींची नोंद कोरलेला दगड आहे. कोणत्या साली कोणासाठी शिकार झाली आणि किती पक्षी पडले. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात 4,273. सरदारजींनी आकडा न बघता म्हटला. उद्यान एका दिवसात पूर्ण करणे हेही नवे नाही म्हणायचे.

आता फाटकावर काय चालले होते ते ऐका. हे मला नंतर भिशीतल्या तिघींपैकी एकीने सांगितले. सगळे परतले. डोकी मोजली नाहीत, नाश्त्याची पाकिटे मोजली. एक उरले, ते स्वीपने खाल्ले. समूहचित्र काढले. मग सायकली जमा करायला गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, सतराच आल्या, एक कमी आहे. सायकल कुठे राहिली म्हणून शोधाशोध सुरू झाली. मग त्याने उरलेले ओळखपत्र पुढे केले आणि त्यावरच्या फोटोवरून गटाला माझी आठवण झाली. म्हणजे मी हरवले हे कळले ते सायकल कमी भरली म्हणून. मी माझी स्वतःची सायकल नेली असती तर गाडीत बसून आग्र्याला पोचले असते सगळे.

फोन अकरा वेळा वाजून गेला होता. तो सायलेंटवर होता, हे कबूल करते. उद्यानात फोन सायलेंटवर ठेवा, हाही आदल्या रात्रीचाच नियम होता. बहुधा तो एकटीने मीच पाळला. फाटकावर पोचले तेव्हा म्होरक्याचे पहिले वाक्य होते, "काकू, तुमच्यामुळे गाडी लेट झाली." काळे हात तसेच जोडून मी नमस्कार केला. समूहचित्र त्याच रात्री व्हॉट्सॲपवर आले. त्यात सतरा जण आहेत आणि खाली लिहिले आहे, 'आम्ही अठरा!'

तेव्हा कोणी मागे पडले नाही असे कोणी लिहिले की मला आधी ते समूहचित्र मोजावेसे वाटते. आपल्या लेखासोबतचे मी मोजले. एकवीस भरले. बाविसावा फोटो काढत असेल, एवढी सवलत देते. पण मग लेखकाने तसे लिहायला हवे होते. जेमतेम 29 चौरस किलोमीटरचे उद्यान आहे, सपाट, एक चढ नाही. तिथे वेगाचे कौतुक ते काय? सहा-सहा जणांचे गट करून वेगवेगळ्या वेळी सोडा, मोजायलाही सोपे. सायकल बरी म्हणतात ती तिला आवाज नसतो आणि हवी तिथे पाय टेकवता येतो म्हणून. पाय टेकवायचाच नसेल तर व्यायामशाळेतली एका जागची सायकल काय वाईट आहे? तिथे तर मागे पडण्याचीही सोय नाही.

एवढे लिहिलेच आहे तर आणखी एक. लेखाच्या वर तीन रकानी छायाचित्र आहे, त्याखाली 'सायबेरियन क्रौंच' असे छापले आहे. चित्रातला पक्षी बाभळीवर बसला आहे. सायबेरियन क्रौंच बाभळीवर बसत नाही, कुठल्याच झाडावर बसत नाही. त्याचे मागचे बोट आखूड आणि वर चढलेले असते, फांदी धरताच येत नाही. शिवाय चोच पिवळी, शेपटीजवळ गुलाबी पिसे. सायबेरियन क्रौंच पांढराशुभ्र, तोंड तांबडे, पंखांची काळी टोके उडताना दिसतात. छापला आहे तो चित्रबलाक, ज्याच्या शेकड्यांनी जोड्या तिथे असतात. सायबेरियन क्रौंचांची शेवटची जोडी भरतपूरला दिसली ती 2001-02 च्या हिवाळ्यात. पाच हजार किलोमीटरवरून येणारा तो पक्षी त्यानंतर तिथे आलेला नाही. आला असेल, तर ती बातमी पुरवणीत कशाला दडपलीत? पहिल्या पानावर हवी होती.

दुरुस्ती छापणार असाल तर एक विनंती. दोन वर्षांपूर्वी मी तलावावरच्या बदकांविषयी पत्र पाठवले होते, त्यात हळदी-कुंकू या पक्ष्याचा उल्लेख होता. ते आपण छापलेत, आभारी आहे, पण संक्रांतीच्या पानावर, 'तलावाकाठी रंगले हळदी-कुंकू' या मथळ्याखाली. मला त्यानंतर दोन महिला मंडळांचे फोन आले. या वेळी पत्रात वारकरीही आहेत. ते आषाढीपर्यंत राखून ठेवू नयेत.

आपली,
एक जुनी वर्गणीदार
(नाव छापू नये, भिशी आहे.)