खापराचा ताव

अमळनेर,
चैत्र वद्य पंचमी

चि. भूषण यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू फार वैतागलेला होतास. पंधरा दिवस झाले तरी उस्ताद लेथ मशीनला हात लावू देत नाहीत, एकच लोखंडाचा तुकडा कानसीनं घासायला लावतात, आणि काटकोन बघायला गुण्या लावून उजेडाकडे धरला की फट दिसतेच. रात्री तेच मनात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

मी पंधरा-सोळा वर्षांची असेन. पारोळ्याला माहेरी आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताया सासरहून आलेल्या, आणि मला मातीच्या खापरावर पुरणाचे मांडे करायचेच होते. आई आत गेलेली बघून मी चुलीपुढे बसले. ताव बघायला पाण्याचे चार शिंतोडे मारायचे असतात. मी ओलं फडकंच तापल्या खापरावर फिरवलं. तडा गेल्याचा तो आवाज अजून कानात आहे. ऐन सणाला घरातलं एकुलतं खापर गेलं, शेजारून मागून आणावं लागलं. आई ओरडली नाही. “ऱ्हाऊ दे व माय,” एवढंच म्हणाली. पण पुढची दोन वर्षं तिनं मला खापराजवळ येऊ दिलं नाही. फक्त कणीक दिली.

ती मला तेव्हा शिक्षाच वाटली. गहू ओलवून दळलेलं, वस्त्रगाळ पीठ. चवीला मीठ घालायचं, हाताला पाणी लावत तिंबायचं, उचलून परातीत आपटायचं, पुन्हा तिंबायचं. तासाभरात खांदे भरून यायचे. मग आई यायची, दोन बोटांत कणकेचं टोक धरून ओढायची, आणि तुटलं की काही न बोलता निघून जायची. एक दिवस ते तुटलं नाही. लांबतच गेलं, पलीकडची बोटं दिसायला लागेपर्यंत. त्या दिवशी मी वेगळं काय केलं हे मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हापासून कणीक झाली की नाही, ते माझ्या तळहाताला कळतं.

पुरणही असंच. डाळीचं पाणी पुरतं निथळायला हवं, पाट्यावर ते मेणासारखं वाटायला हवं. एक डाळ अख्खी राहिली, तर हातावर झेलताना मांडा नेमका तिथून फाटतो. पुरण कणकेपेक्षा घट्ट झालं तर ते मधेच गोळा होऊन बसतं, आणि कडेला नुसती कणीक पसरते. मांडा कोपरापर्यंत पसरला की तिथे विचार करायला वेळच नसतो. जे करायचं ते आधी हातात असावं लागतं.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली जीआय मानांकन मिळालं, पण म्हणून ते घाईनं भाजलेलं चालत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या आरावर न फिरवता सोडलं की एक बाजू करपते, देठाजवळ कच्चं राहतं, मग लाकडी बडगीत कितीही ठेचा, तो वास जात नाही. काही जण मिरची-शेंगदाणे वाढवून ते झाकतात. मला ते मुळीच पटत नाही.

तूच मला काल सांगितलंस, कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना दाब सोडायचा, हात डुलला की कडा गोल होतात. मागच्या महिन्यात तुला हे सांगता आलं असतं का रे? उस्तादांवर रागावू नकोस. खापर फुटलं तर दुसरं आणता येतं. लेथवर हात चुकला तर बोटं जातात, आणि तुझी बोटं मला प्यारी आहेत.

यंदा मी नवं खापर आणलंय. रोज थोडा वेळ मंद आचेवर ठेवते, अजून भर आचेवर घेतलेलं नाही. आखाजीला सुट्टी मिळाली तर ये, आमरस आहेच. आणि तो घासलेला तुकडा गुण्यासकट घेऊन ये. आपल्या दारात उजेडाकडे धरून मलाही बघायचाय.

तुझी,
आई