बंद गाडीची वर्दी

महोदय,

इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झालेले आपले गोमंतकीय सुट्टीसाठी गावी येतात तेव्हा तिथल्या गाडीचा कर किंवा विमा मध्येच संपला आणि ती रस्त्यावर नसल्याचे सरकारला कळवलेले नसले, तर करापोटी ८० व विम्यापोटी १०० पौंड दंडाचे पत्र घरी येऊन पडते. खासगी जागेत उभ्या गाडीची ही नोंद विनाशुल्क होते, भरलेल्या करातील उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावाही मिळतो. म्हणून तो दंड मला जाचक वाटत नाही.

आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील ५५वे कलम कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत कळवण्यास सांगते, पण पाळतो कोण? खासगी मोटारीचा रस्ता कर एकरकमी भरलेला असल्याने मालकाला घाई नसते. म्हापशात रस्त्याकडेला चाके बसलेल्या, बॉनेटवर वेल चढलेल्या मोटारी पाऊसभर कुजताना दिसतात (आणि पार्किंगला जागा नाही म्हणून ओरड आपणच करतो). वाहतूक खात्याने अशी वर्दी घरबसल्या, विनाशुल्क देण्याची सोय आधी करावी आणि मगच दंड आकारावा.

– एक वाचक, म्हापसा